उंबऱ्याच्या जागी छत्री

१४ नोव्हेंबर

प्रिय बिजागरीच्या आईस,

तुझी छत्री इथे राहिली आहे.

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं या विचारात सकाळचा चहा गार झाला. सूनबाई लिहायचा हक्क कोर्टाच्या कागदाने काढून घेतला आहे. नुसतं नाव लिहिलं तर ऑफिसातून पत्र आल्यासारखं वाटतं. शेवटी नातीला पुढे केलं. दाराला लोंबकळून झोके घ्यायची म्हणून ह्यांनी तिला बिजागरी म्हणायला सुरुवात केली आणि कुलूपवाल्याच्या नातीला शोभतं म्हणून ते नाव टिकलं. तिची तू आई आहेस, यात तरी कुणाचं दुमत नाही.

फोन का केला नाही असं म्हणशील. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. स्वतःसाठी फोन करायचा म्हटलं की अजून वाटतं, आपण कुणाची तरी लाइन अडवून बसलो आहोत.

छत्री परत पाठवायला हवी, पण पाठवत नाही. त्याचं कारण सांगते. त्या दिवशी तू दाराबाहेर होतीस. मी आतून काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

ह्यांना कंपवात झाला आहे हे तुला बिजागरीकडून कळलं असेल. हात थरथरतात ते सगळ्यांना दिसतं. दारात पाय थिजतात ते फक्त घरच्यांना ठाऊक आहे. खोलीत ते बरे चालतात. दार आलं की पाय फरशीला चिकटतात आणि माणूस तिथेच उभा राहतो, जाण्याच्या पवित्र्यात. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांना दारातच असं होतं. पाय चालणं विसरत नाहीत, सुरुवात करणं विसरतात. उन्हाळ्यात मुलाने बाहेरच्या दाराचा उंबरा फोडून काढला, अडखळून पडू नयेत म्हणून. त्याने चांगल्याच हेतूने केलं. त्यानंतर मात्र थिजणं वाढलं. मी म्हटलं, उंबरा काढलेलं घर माणसाला बाहेर सोडत नाही. तो म्हणाला, "आई, प्लीज." त्या दिवसापासून हे घराबाहेर पडले नव्हते.

तू बेल वाजवलीस तेव्हा दार उघडायला हेच उठले. या घरात दार दुसऱ्या कुणी उघडलेलं तुला आठवतं का? कुलूप त्यांनी बसवलेलं, त्यामुळे उघडायचा मानही त्यांचा. उघडलं, आणि चौकटीत अडकले. मी मागून दंड धरून ओढत होते. तू परत द्यायला आणलेली घराची किल्ली त्यांच्या खांद्यावरून माझ्यापुढे धरलीस. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, उंबऱ्यावरून काही घेऊ नये.

तू म्हणालीस, "उंबरा आहे कुठे, आई?"

आपण दोघींनी खाली पाहिलं. उंबऱ्याच्या जागी सिमेंटचा फिकट पट्टा होता. तू वाकून छत्री त्या पट्ट्यावर आडवी ठेवलीस. मग उभी राहिलीस आणि माझ्या आवाजात बोललीस. अगदी माझ्या.

"उंबऱ्यावर उभं राहून कुणाचं भलं झालंय? आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. उचला पाय. उजवा. हं."

हे हसले. या आजारात चेहरा शटर ओढलेल्या दुकानासारखा होतो. ते हसतात हे माझ्या लक्षात यायलाच वेळ लागला. मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. मग त्यांनी उजवा पाय उचलला, छत्री ओलांडली आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये तुझ्या शेजारी जाऊन उभे राहिले. तुझ्या हातून किल्ली घेतली. तुम्ही दोघं एकाच बाजूला होतात, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं.

खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती. मी आत ये म्हटलं नाही. तूही थांबली नाहीस. त्या गडबडीत छत्री राहिली. ती अजून तिथेच आहे. हे ती ओलांडून बाहेर जातात आणि ओलांडून आत येतात.

हे एवढं लिहिण्यासारखं का, ते सांगते. मुलाने एका वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली आहे. तिथे मी सोबत राहू शकत नाही. डिसेंबरात डॉक्टरांकडून एक नर्सबाई पाहणीला येणार आहेत. ह्यांना घराच्या आतबाहेर करता येतं की नाही ते बघतील, आणि त्या म्हणतील तसं करायचं असं आमचं ठरलं आहे. मी हो म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं की सगळं संपलं. आता तसं वाटत नाही.

तुझे आभार मानते. घरातल्या माणसांचे आभार कुणी मानत नाही, म्हणून इतकी वर्षं मानले नाहीत. आता तू घरातली नाहीस, त्यामुळे मानायची सोय झाली.

बिजागरीची आजी


२४ नोव्हेंबर

प्रिय बिजागरीच्या आईस,

तुझं पत्र आलं. छत्री ठेवून घ्या म्हणालीस, ठेवून घेतली. नव्या घरात बिजागरी पालथी पडलेली चप्पल सुलटी केल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाही, हे वाचून ह्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "गेली पोरगी हातची."

बाबा कसे आहेत असं विचारलंस. बऱ्या दिवशी नुसती छत्री पुरते. वाईट दिवशी छत्रीपर्यंत येतात आणि थांबतात. मग ते शब्द लागतात. तू म्हणालीस तेच शब्द मी म्हणते, आणि ते शब्द मुळात माझेच आहेत. पण उपयोग होत नाही. माझं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची त्यांना सवय आहे. ही सवय आजाराच्या फार आधीची.

छत्रीचं मुलाला सांगितलेलं नाही. तो रविवारी येतो, तेव्हा वाळत घातली आहे म्हणते. खरं सांगितलं तर म्हणेल, आई, तुझं पुन्हा सुरू झालं का.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न आहे, की त्या वर्षी मी तुझ्याशी बोलणं का टाकलं. प्रश्न लिहून तू वर रेघ मारली आहेस, पण रेघेखालून वाचता येतो.

मी एक्सचेंजमधून लवकर आले होते. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या होत्या, हेही घरात होते. दार लोटलेलं होतं. आत कुणी बाई बोलत होती. दारात बसू नये. मागून हाक मारू नये. बाहेर गेलेलं माणूस पोचेपर्यंत केर काढू नये. विसरलेली वस्तू घ्यायला परत आलात तर घटकाभर बसा आणि मग निघा. ज्या दाराने आलात त्याच दाराने जा. मला वाटलं, कोण ही बाई, दमत कशी नाही. आणि मग तिने "हं" म्हटलं. तेव्हा ओळखलं. सगळे हसत होते. ह्यांचं हसणं त्यात वेगळं ऐकू येत होतं.

मी खाली जाऊन बागेतल्या बाकावर बसले आणि रोजच्या वेळेला घरी आले.

तुमचं दोघांचं पुढे जे झालं ते तुमचं. त्याच्याशी याचा संबंध नाही, आणि तसा तू लावू नकोस. शेवटच्या दिवसांत तू फोन हातात घेऊन दारात उभी असायचीस, धड आत नाही, धड बाहेर नाही. तेव्हा मी काहीच म्हणत नव्हते. आमची आई म्हणायची, दारात उभ्या असलेल्या माणसाला आतले विचारत नाहीत आणि बाहेरचेही विचारत नाहीत. हे तिने मला सांगितलं होतं. मी ते मनात घोकण्याऐवजी तुला विचारायला हवं होतं, की बाई, दारात का उभी आहेस. एवढंच म्हणते आणि हा विषय बंद करते.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात आली. तू सगळे नियम बरोबर म्हटले होतेस. एकही चुकला नव्हता, क्रमसुद्धा माझाच. इतकं मन लावून माझं बोलणं आजवर कुणी ऐकलेलं नाही. माझ्या मुलाने नाही. ह्यांनी तर नाहीच.

ह्यांचा स्वतःचा एकच नियम, तो तुला माहीत आहे. कुणाचं अडकलेलं कुलूप उघडून दिलं की दार ढकलायचं नाही, बाजूला व्हायचं. घर ज्याचं, त्याने आधी आत जायचं. आत गॅसवर काही करपत असलं तरी हे हत्यारं घेऊन बाजूला उभे. माझे नियम म्हणजे अंधश्रद्धा आणि त्यांचा नियम म्हणजे धंद्याची रीत. मी कधी वाद घातला नाही.

तुझा आवाज मला काही जमत नाही. काय करावं?

बिजागरीची आजी


१ डिसेंबर

तू तुझ्या आवाजात मोबाइलवर पाठवलेलं ते बोलणं मिळालं. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ते लावायचं कसं ते दाखवलं. त्या ऐकून म्हणाल्या, तुमचा आवाज किती छान आलाय.

पहिल्या दिवशी दोनदा लावलं. दोन्ही वेळा पाय उचलला, छत्री ओलांडली. मला वाटलं, सुटलो.

पण ओलांडून बाहेर गेले की ते पॅसेजमध्ये बघतात. जिन्याच्या कठड्यापर्यंत जातात आणि खाली वाकून बघतात. मी विचारलं काय बघता, तर म्हणाले, "आत्ता तर बोलली. इतक्यात कुठे गेली?"

त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. मोबाइल माझ्या हातात त्यांना दिसतो. तरी प्रत्येक वेळी जाऊन बघतात. काल बराच वेळ कठड्याशी उभे होते. मग आत यायला तयार होईनात.

म्हणून ते बंद केलं. तू पाठवलंस त्याबद्दल मनापासून आभार. पुसलेलं नाही. फक्त दारात लावत नाही.


८ डिसेंबर

प्रिय बिजागरीच्या आईस,

एक्सचेंजमध्ये नवी मुलगी आली की तिला आधी नुसतं ऐकायला बसवायचो. कानाला लावायचं, तोंड बंद ठेवायचं, जुनी बाई कशी बोलते ते ऐकायचं. मी किती मुलींना असं बसवलं असेल. या आठवड्यात स्वयंपाकघरात स्टुलावर मी बसले, कानात मोबाइलचं ते यंत्र घालून, तुझं ऐकत.

आधी वाटलं, यात शिकायचं काय, आवाज माझा, शब्द माझे. पण म्हणायला गेले की वेगळं यायचं. मग लक्षात आलं, तू काही जागा बदलल्या आहेस. "भलं झालंय" नंतर तू थांबतेस, मी थांबत नाही. "उजवा" तू लांबवतेस, झोका दिल्यासारखा. आणि शेवटच्या "हं"च्या आधी तू छोटासा श्वास घेतेस, आता हसू येणार आहे आणि ते दाबलं आहे असा. मी "हं" म्हणते ते दार लावल्यासारखं. तू म्हणतेस ते उघडल्यासारखं.

तुझ्या नकलेतली बाई माझ्यापेक्षा मायाळू आहे. मी मुळात तशीच होते की तू तशी केलीस, मला ठरवता येत नाही. तू मला तसं ऐकलंस एवढं खरं. त्याबद्दल काय म्हणतात ते मला माहीत नाही. आभार हा शब्द पुरत नाही.

मग मी तुझी नक्कल करायला लागले. म्हणजे माझ्या नकलेची नक्कल. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. शिवणवाल्या बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, कुणी आलंय का.

शुक्रवारी सकाळी हे छत्रीपाशी थांबले. मी मागे उभी राहिले, पुसायचं फडकं हातातच होतं, आणि म्हटलं. थांबले, लांबवलं, श्वास घेतला. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा डोळे हसले, मग तोंड. म्हणाले, "ही कोण नवीन?"

मी म्हटलं, "जुनीच आहे. पाय उचला."

ओलांडलं. कठड्याशी जाऊन खाली बघितलं नाही.

त्यानंतर रोज तसंच करते. लाज वाटायची ती गेली. आता आवाज जरा मोठाच लागतो.

एक गोष्ट लिहू की नको ते ठरवता आलं नाही, म्हणून लिहिते. रविवारी मुलगा जिना चढत होता. मी दारात म्हणत होते. धाडधाड पायऱ्या चढत आला आणि दारात आम्ही दोघंच आहोत बघून थांबला. आत नजर टाकली, माझ्या मागे बघितलं. त्याला वाटलं तू आली आहेस. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही, वाटलं तर त्याने लिहावं. चहा घेतला आणि नर्सबाई गुरुवारी येणार आहेत एवढं सांगून गेला.

गुरुवारी आमची आठवण काढ.

आजी


१२ डिसेंबर

प्रिय बिजागरीच्या आईस,

तुला कालच कळवायला हवं होतं. काल हात चालेना.

मुलगा नर्सबाईंच्या आधी आला. ह्यांना धुतलेला शर्ट घातला, दाढी केली. त्याच्या हाताखाली हे मान वर करून बसले होते, लहान असताना तो त्यांच्यापुढे बसायचा तसे. मग त्याने घर आवरलं. वर्तमानपत्रांची घडी, चपला रांगेत. नर्सबाई तरतरीत होत्या, बोलायला मोकळ्या. ह्यांना धंद्याचं विचारलं. ह्यांनी त्यांच्या पर्सच्या बारक्या कुलपाकडे बघून सांगितलं, हे केसातल्या पिनेनेही उघडेल. त्या हसल्या. खोलीतून चालून दाखवलं, स्वयंपाकघरातून पेला आणून दाखवला, अर्धा सांडला पण आणला. नर्सबाई म्हणाल्या, छान, आता बाहेर पॅसेजमध्ये जाऊन परत या.

हे दाराशी गेले. खाली बघितलं. थांबले.

मी पुढे होऊन बघितलं तर छत्री नव्हती. आवरता आवरता मुलाने उचलून गॅलरीत टांगली होती. पाहुणे यायचे असताना दारात पडलेली छत्री कुणीही उचलेल. ती कशासाठी आहे ते मी त्याला सांगितलं नव्हतं.

ह्यांच्या टाचा थरथरायला लागल्या. मुलगा दंड धरायला पुढे झाला. नर्सबाई म्हणाल्या, राहू द्या, त्यांचं त्यांना करू द्या. आणि त्यांनी पेन काढलं.

मी आवाज लावला. मुलासमोर, परक्या बाईसमोर. जितका चांगला जमत होता तितका चांगला. ह्यांनी ऐकलं, हसू ओठापर्यंत आलं, उजवी टाच थोडी सुटली. पण खाली ओलांडायला काहीच नव्हतं. नुसता सिमेंटचा पट्टा. पाय पुन्हा टेकला. गॅलरीत जाऊन यायला मला वेळ लागला असता, आणि तेवढ्या वेळात तो चेहरा बंद झाला असता. तो एकदा बंद झाला की मला उघडता येत नाही.

मग मी त्यांच्या बाजूने पुढे झाले आणि माझा पाय त्या पट्ट्यावर आडवा ठेवला.

तुला माहीत आहे, जन्मात मी उंबऱ्यावर पाय दिलेला नाही. गरोदर असताना नाही, सामान घेऊन येताना नाही, आगीचा भोंगा वाजला होता तेव्हाही नाही. आणि माणसाला माणसाने ओलांडू नये हाही माझाच नियम. दोन्ही एका वेळेला मोडले. काही झालं नाही. फरशी गार लागली तेवढीच.

मी म्हटलं, "उंबऱ्यावर उभं राहून कुणाचं भलं झालंय?" थांबले. "आत तरी या, नाहीतर बाहेर तरी जा. उचला पाय. उजवा."

त्यांनी माझा पाय ओलांडला. बाहेर गेले, कठडा धरून वळले. परत येताना पट्ट्याशी आले तेव्हा मी तोंड उघडलं, त्याआधी तेच म्हणाले, "हं." आणि ओलांडून आत आले.

नर्सबाईंनी पेन तसंच धरलं होतं. म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "माझ्या सुनेने."

मुलगा खिडकीशी उभा होता, पाठमोरा. नर्सबाई ह्यांच्याशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या, मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या की यांना इतक्यात कुठे हलवायचं कारण दिसत नाही. उंबरा उंच नको, पण दारात डोळ्यांना दिसेल अशी आडवी खूण हवीच. घरातली माणसं जे करत आहेत तेच करत राहा.

घरातली माणसं असं म्हणाल्या. त्यांना काय माहीत.

त्या गेल्यावर मुलगा गॅलरीत गेला, छत्री घेऊन आला आणि दारात ठेवली. ती जरा तिरकी पडली होती. त्याने बुटाच्या टोकाने सरळ केली, पट्ट्यावर बरोबर बसेल अशी. मग बराच वेळ तिथे उकिडवा बसून राहिला. मी त्याला उंबऱ्यावर बसू नये असं म्हटलं नाही.

ह्यांना झोप लागली आहे. शर्ट बदलू दिला नाही.

आजी


६ जानेवारी

प्रिय सूनबाई,

कायद्याचं कायदा बघून घेईल.

दारात पितळेची पट्टी बसली. सपाट, फरशीच्या बरोबरीने, अडखळण्याची भीती नाही आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. मुलगा प्लॅस्टिकची पिवळी चिकटपट्टी घेऊन आला होता. ह्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि परत दिली. म्हणाले, आयुष्यभर लोकांच्या दारांना पितळ लावलं, माझ्या दाराला चिकटपट्टी? मग दोघं मिळून दुकानात गेले. हे चालत गेले, मुलाचा हात धरून. पट्टी ह्यांनी निवडली, कानस ह्यांनी मारली. हात थरथरतो म्हणून काम सावकाश झालं, कड मात्र बघ येऊन, बोट फिरवलं तर रेशमासारखी लागते. स्क्रू मुलाने आवळले. एक वाकडा गेला. बापाने काढायला लावला. पुन्हा वाकडा गेला. तो तसाच राहू दिला आहे.

मुलाने मला विचारलं, तो आवाज मूळ कुणाचा, तुझा की तिचा. मी म्हटलं आता सांगता यायचं नाही. तो म्हणाला, मला शिकव, तू घरी नसशील तेव्हा मला लागेल. त्याला अजिबात जमत नाही. "उजवा" म्हणताना ट्रॅफिक पोलीस वाटतो. पण ह्यांना इतकं हसू येतं की पाय आपोआप उचलला जातो, तेव्हा तेही चालतं. आता या घरात ती बाई कुणाच्याही तोंडून बोलते. मी मेल्यावरही बोलेल असं दिसतं. मला त्याचं बरं वाटतं. वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

तुम्हा दोघांबद्दल मी काही मागत नाही. तो काही म्हणालेला नाही आणि मी विचारलेलं नाही. हे पत्र त्याच्यासाठी नाही.

तुझी किल्ली ह्यांनी त्याच दिवशी तुझ्या खिळ्यावर टांगली होती, बिजागरीच्या आणि माझ्या किल्लीच्या मधे. हे तुला आधी लिहिलं नाही, कारण तू ती परत द्यायला आली होतीस आणि त्याचा अर्थ मला कळत होता. तू दिलीस, त्यांनी घेतली. कुठे ठेवायची हे त्यांचं काम. कुणाची किल्ली कुठली हे तेच ठरवतात.

आता छत्री मोकळी झाली. पोस्टाने पाठवता येईल. शिवणवाल्या बाईंनी लांब पुठ्ठ्याची नळीसुद्धा आणून दिली. ती मी परत केली.

छत्री घ्यायला तू ये. उन्हाळ्याच्या सुटीत ये, बिजागरीला घेऊन ये. राहायचं की नाही ते आल्यावर बघ. ज्या दाराने गेलीस त्याच दाराने ये, ते आता दिसतंही चांगलं.

या पत्रात आभार नाहीत. शोधू नकोस. का नाहीत ते तुला कळेल.

बेल वाजवलीस की हे उठतील. वेळ लागेल, तू थांब. कडी ऐकू येईल, मग कुलूप. दार उघडून ते बाजूला होतील आणि तिथेच उभे राहतील. पाय थिजले असं समजू नकोस. ती त्यांची रीत आहे. तू आधी आत जायचं आहेस.

तुझी,
आई